विहिरीच्या काठावरच्या सातजणी

पुण्याहून दौंडकडे निघालेली पॅसेंजर यवत सोडते आणि केडगाव यायच्या आधी खुटबावला थांबते. रुळांच्या दोन्ही अंगांना ऊस, मधूनच एखाद्या गुऱ्हाळाचा धूर आणि शिवारात जागोजाग विहिरी. दौंड आणि शिरूरच्या या पट्ट्यात एखाद्या जुन्या विहिरीजवळ गेलं, की कठड्याच्या कडेला, उंबराच्या नाहीतर करंजाच्या बुंध्याशी सात दगड एका ओळीत मांडलेले सापडतात. दगडांना शेंदूर फासलेला असतो. पुढे हिरव्या बांगड्यांचे तुकडे, सुकलेलं लिंबू, हळदी-कुंकवाचे डाग. मूर्ती नाही, देऊळ नाही, पुजारीही नाही. हे कोणाचं ठाणं असं विचारलं तर उत्तर ठरलेलं मिळतं: साती आसरा.

महाराष्ट्रात पंढरपूरच्या चंद्रभागेवर, नाशिकच्या रामकुंडावर, त्र्यंबकेश्वरच्या कुशावर्तावर लाखो माणसं स्नानासाठी जातात. त्या तीर्थांची माहात्म्यं लिहिली गेली, घाट बांधले गेले. शिवारातल्या विहिरीचं माहात्म्य कोणी लिहिलं नाही. ते घरातल्या बायकांच्या हातांत आणि शेतकऱ्याच्या धास्तीत टिकून राहिलं. म्हणून ते लहान ठरत नाही. कोरडवाहू मुलखातल्या माणसाचं पाण्याशी काय नातं होतं, हे मोठ्या तीर्थांपेक्षा अशा विहिरींवर जास्त स्पष्ट दिसतं.

कोण या सातजणी?

आसरा म्हणजे अप्सरा, पाण्यात राहणाऱ्या देवता. इंद्राच्या दरबारातल्या नर्तकींशी त्यांचं नातं आता नावापुरतंच उरलं आहे. गावाकडच्या आसरा डोहात, विहिरीत, ओढ्याच्या वळणावर राहतात. पोथ्यांत त्यांची नावं मत्स्यी, कूर्मी, कर्करी, दर्दुरी, जतुपी, सोमपा आणि मकरी अशी दिली आहेत. मासा, कासव, खेकडा, बेडूक, मगर ही पाण्यातली सारी वस्तीच या नावांत उतरलेली आहे. गावात मात्र ही नावं सहसा कोणी घेत नाही. सातींचा उल्लेख एकत्रच होतो, कारण त्या एकत्र राहतात आणि एकत्रच रागावतात. पुष्कळ ठिकाणी या सातांच्या जवळ आणखी एक दगड असतो. तो त्यांचा भाऊ किंवा राखणदार, आणि बहुतेकदा त्याला म्हसोबा म्हणतात.

आसरा देतातही आणि नेतातही. त्यांची ओटी भरली, खण-नारळ आणि हिरवा चुडा दिला, दहीभाताचा नैवेद्य ठेवला की पाणी आटत नाही, घरात पाळणा हलतो अशी श्रद्धा आहे. त्यांचा मान राहिला नाही तर त्या ‘लागतात’. गरोदर बाई, बाळंतीण, नवी नवरी आणि लहान मूल यांना त्यांचं भय सगळ्यांत जास्त. म्हणून भर दुपारी बाराला एकट्या बाईने विहिरीवर जाऊ नये, केस मोकळे सोडून पाण्यात वाकून पाहू नये, विहिरीत थुंकू नये, पायताण घालून पायऱ्या उतरू नयेत, असे दंडक घरोघरी होते.

अमेरिकन अभ्यासक अ‍ॅन फेल्डहाउस यांनी महाराष्ट्रातल्या नद्या आणि पाण्याच्या देवतांवर अनेक वर्षं काम केलं. १९९५ साली त्यांचं ‘वॉटर अँड वुमनहुड’ हे पुस्तक आलं. नदीची ओटी भरणं, तिला साडी नेसवणं, आसरांना लेकरांसाठी साकडं घालणं या साऱ्या चालींत पाणी आणि बाईची कूस यांची सांगड कशी घातलेली आहे, हे त्यांनी दाखवून दिलं. त्यांच्याही आधी दामोदर धर्मानंद कोसंबी पुण्याच्या आसपासचा मुलूख पायी फिरले होते. शेंदूर फासलेल्या दगडांच्या जुन्या आया, त्यांची ठाणी आणि प्राचीन वाटा यांचा संबंध त्यांनी जोडला. १९६२ च्या ‘मिथ अँड रिअ‍ॅलिटी’ या त्यांच्या पुस्तकात ही पायपीट आहे. सात दगडांची ओळ हा अभ्यासाचा विषय आहे, हे अशा लोकांमुळे आपल्याला कळलं.

पाणी लागेल का?

विहिरीभोवती एवढी श्रद्धा का साचली, याचं एक उत्तर जमिनीखाली आहे. दौंड तालुका पर्जन्यछायेत येतो. घाटावर कोसळणारा पाऊस इथे पोचेपर्यंत सरून जातो. खडकवासल्याच्या कालव्याने काही गावांत ऊस आणला, पण त्याआधी शेतकऱ्याची भिस्त पावसावर आणि विहिरीवरच होती. त्यातून हा सगळा खडक ज्वालामुखीच्या लाव्हाचा, म्हणजे काळ्या पाषाणाचा. हा खडक स्वतः पाणी धरत नाही. वरच्या मुरमात, कुजलेल्या थरात आणि भेगांतच पाणी साठतं. त्यामुळे एका बांधावरच्या विहिरीला बारमाही झरा लागतो आणि पलीकडच्या बांधावर तेवढंच खोल खणूनही हाती दगडच येतो. घरातलं किडूक-मिडूक मोडून, कर्ज काढून खणलेली विहीर कोरडी निघाली की कुटुंब बसलंच म्हणायचं. इतक्या मोठ्या डावात माणूस देवाला विसरेल कसा?

म्हणून विहीर खणण्याआधी पाणाड्याला बोलवायचं. तो उंबराची नाहीतर बाभळीची बेचकी दोन्ही हातांत धरून शेत पालथं घालतो. बेचकी जिथे खाली ओढली जाते तिथे खूण करतो. काहीजण तळहातावर नारळ ठेवून चालतात. नारळ उभा राहिला तिथे पाणी, असा त्यांचा हिशेब. पायाकडून जन्मलेल्या, म्हणजे पायाळू माणसाला जमिनीखालचं पाणी आणि धन दिसतं, असाही समज आहे. या रीतींना शास्त्राचा पाठिंबा मिळालेला नाही. पण झाडं, वारुळं आणि मातीचा रंग पाहून पाण्याचा अंदाज बांधण्याची परंपरा आपल्याकडे फार जुनी आहे. वराहमिहिराने सहाव्या शतकात ‘बृहत्संहिते’त भूजल शोधण्यावर एक आख्खा अध्याय लिहिला, तो याच निरीक्षणांवर उभा आहे.

जागा ठरली की नारळ फुटतो, कुदळीची पूजा होते. पुढे दिवसचे दिवस सुरुंग, दगड, चिखल आणि धास्ती. मग एके दिवशी तळाशी ओल दिसते, झरा फुटतो आणि ‘पाणी लागलं’ ही हाळी वर येते. गूळ वाटला जातो, खणणाऱ्यांना गोडाचं जेवण मिळतं, पहिलं पाणी देवावर घातलं जातं. काठावर सात दगड मांडले जातात ते बहुधा याच वेळी. पुढे मोट चालू लागे. चामड्याची मोट, नाडा, चाक, बैलांची धाव आणि पाणी जिथे ओतलं जाई ते थारोळं, असा तो सारा सरंजाम. पहाटेच्या अंधारात मोट हाकणाऱ्याची गाणीही त्यातच आली. आज मोटेच्या जागी विजेची मोटर आहे आणि दसऱ्याला हळदी-कुंकू तिलाही लागतं.

कहाणीतलं तळं

पाणी फुकट मिळत नाही, ही जाणीव श्रावणातल्या शिळासप्तमीच्या कहाणीत फार धारदारपणे आली आहे. एका राजाने तळं बांधलं, पण त्याला पाणी लागेना. त्याने जलदेवतांची प्रार्थना केली. त्यांनी सुनेचा थोरला मुलगा बळी मागितला. राजाने सुनेला माहेरी पाठवलं, नातवाला न्हाऊमाखू घालून, जेवू घालून तळ्यात पलंगावर निजवलं. तळं भरलं.

सून सासरी परतते तेव्हा तिला यातलं काहीच ठाऊक नसतं. वाटेत ते भरलेलं तळं लागतं, तो दिवस श्रावण शुद्ध सप्तमीचा असतो. ती आपला वसा तेवढा करते. तळ्याच्या पाळीवर पूजा मांडते, काकडीच्या पानावर दहीभात आणि लोणचं ठेवते, पाण्यात नैवेद्य सोडते आणि आमच्या वंशातलं कोणी पाण्यात बुडालं असेल तर ते परत मिळो, अशी प्रार्थना करते. मागे वळते तो पाण्यातून मुलगा तिचे पाय ओढत असतो.

ही कहाणी घरोघरी वाचली जाते ती गोड शेवटासाठी. पण तिच्यात दोन व्यवहार समोरासमोर उभे केलेले आहेत. राजा पाण्याच्या बदल्यात दुसऱ्याचं लेकरू देतो. सून पानभर दहीभात देते. राजाला तळं मिळतं, सुनेला तळंही मिळतं आणि मूलही. धरणं, तलाव आणि विहिरी बांधताना माणूस बळी दिल्याच्या दंतकथा महाराष्ट्रात जागोजाग ऐकू येतात. त्यांच्या गर्दीत एका बाईच्या हातून बळी परत मिळवणारी ही कहाणी वेगळी उठून दिसते. आसरांपुढे आजही दहीभात ठेवतात.

पहिली घागर

विहिरीशी बाईचा संबंध जन्मापासून जोडलेला असे. बाळंतीण सुइरातून उठली, सव्वा महिना झाला, की तिला वाजतगाजत नाहीतर निदान चार सवाष्णींसह विहिरीवर नेत. काठावर खडे मांडून हळदी-कुंकू वाहायचं, ओटी भरायची, घुगऱ्या वाटायच्या आणि मग बाळंतिणीने पहिली घागर भरून घरी आणायची. त्या घागरीसरशी ती पुन्हा घरच्या कामाला लागली, असं धरत. पाणी भरण्याचं कष्टाचं ओझं पुन्हा डोक्यावर येतं, तेही पूजेनेच.

भाद्रपदात खड्यांच्या गौरी येतात त्याही पाणवठ्यावरून. घरातली सवाष्ण किंवा कुमारिका नदी, विहीर, तळं यांच्या काठचे पाच किंवा सात खडे उचलते आणि वाटेत कोणाशी न बोलता घरी आणते. तीन दिवस माहेरवाशिणीसारखा त्यांचा पाहुणचार होतो आणि मग त्या पाण्यात परत जातात. दिवाळीत एक पणती विहिरीच्या कठड्यावर लागते. अक्षय तृतीयेला पितरांच्या नावाने पाण्याने भरलेला घडा दान देतात आणि वैशाखात पाणपोई घालतात. इकडे जेजुरीत सोमवती अमावस्येला खंडोबाची पालखी गड उतरून कऱ्हेवर स्नानाला जाते. घरच्या बाळंतिणीपासून मल्हारीपर्यंत पाण्याकडे जाण्याची ही रीत एकच आहे.

मराठी मुलखातल्या ख्रिस्ती समाजानेही विहीर सोडली नाही. मुंबई आणि वसईकडच्या ईस्ट इंडियन घरांत लग्नाच्या आदल्या दिवशी वाजंत्री लावून विहिरीवरून ‘उंबराचं पाणी’ आणतात. नवरा किंवा नवरी त्या पाण्याने न्हाते. गोव्यात २४ जूनला सांजावच्या दिवशी फुलापानांचे मुकुट घातलेले तरुण विहिरींत उड्या घेतात. संत जॉन बाप्तिस्ता आईच्या उदरात आनंदाने उसळला होता, त्याची ही आठवण असं सांगतात. पावसाळा सुरू झालेला असतो, विहिरी भरू लागलेल्या असतात. धर्म बदलला तरी विहिरीची आणि कुशीची जोडी कायम राहिली.

मुंबईच्या विहिरी, एक पुस्तक

या साऱ्यावर नोंदी झाल्या त्यांची गोष्टही सांगण्यासारखी आहे. नाशिकचे कलेक्टर ए. एम. टी. जॅक्सन यांचं नाव मराठी माणसाला अनंत कान्हेरे यांच्यामुळे माहीत आहे. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात कान्हेरे यांनी जॅक्सन यांचा वध केला. त्यांनी मुंबई इलाख्यातल्या शाळामास्तरांकडून लोकसमजुतींची माहिती जमवली होती. त्यांच्या मागे आर. ई. एन्थोवेन यांनी ते कागद संपादून गुजरातच्या नोंदी १९१४ मध्ये आणि कोकणच्या १९१५ मध्ये छापल्या. गावोगावच्या मास्तरांनी दिलेल्या त्या उत्तरांत विहिरी, जलदेवता आणि आसरा आहेतच.

मुंबईत वेगळाच पेच पडला होता. मलेरियाचे डास विहिरींत वाढतात हे सिद्ध झाल्यावर पालिकेने विहिरी झाका नाहीतर बुजवा असे हुकूम काढले. त्यावर मालकांच्या विनवण्या येऊ लागल्या: विहिरीत देवता आहे, ती कोपेल, घरात विघ्न येईल. पालिकेत अधिकारी असलेले रुस्तम पेस्तनजी मसानी यांनी या तक्रारींची टर उडवली नाही. त्यांनी त्या समजुतींचाच शोध घेतला आणि १९१८ मध्ये ‘फोकलोअर ऑफ वेल्स’ हे पुस्तक लिहिलं. मुंबईच्या हिंदू, पारशी आणि मुसलमान वस्त्यांतल्या विहिरींची लोकश्रद्धा त्यांनी युरोपातल्या पवित्र विहिरींशेजारी ठेवून पाहिली. पुढे हेच मसानी मुंबईचे महापालिका आयुक्त झाले. चर्चगेटजवळची भिखा बेहराम विहीर आजही जिवंत आहे. १७२५ साली खणलेल्या या विहिरीवर पारशी लोक प्रार्थनेला येतात.

आयर्लंडमध्ये उलट्या परिस्थितीत तीच श्रद्धा

मसानींनी ज्या मुलखांकडे बोट दाखवलं त्यांत आयर्लंड येतं. तिथे पवित्र मानलेल्या विहिरी सुमारे तीन हजार आहेत, असा अंदाज सांगतात. विहीर म्हटलं तरी ती बहुधा दगडांनी बांधून घेतलेला झरा असतो. प्रत्येक झऱ्याला एखादा संत किंवा संतीण लाभलेली आहे. एकाचं पाणी डोळ्यांना, दुसऱ्याचं डोकेदुखीला, तिसऱ्याचं दातदुखीला गुणकारी असं ठरलेलं असतं. क्लेअर परगण्यात लिस्कॅनर गावाजवळ संत ब्रिजिडची विहीर आहे. तिच्याकडे जाणारा दगडी बोळ लोकांनी ठेवलेल्या तसबिरींनी, जपमाळांनी आणि गेलेल्या माणसांच्या फोटोंनी भरलेला असतो. ब्रिजिडचा दिवस १ फेब्रुवारी, आणि २०२३ पासून आयर्लंडने तिच्या नावाने सार्वजनिक सुट्टीही सुरू केली.

मराठी वाचकाला तिथल्या रीती ऐकून घरच्यासारखं वाटेल. भाविक विहिरीला सूर्याच्या चालीने, म्हणजे उजवीकडून प्रदक्षिणा घालतात. फेऱ्या मोजण्यासाठी खडे वापरतात. शेजारच्या झाडाला चिंधी बांधतात आणि चिंधी कुजेल तसं दुखणं झडेल असं मानतात. पाण्यात मासा दिसला तर नवस फळला. हे पाणी कितीही तापवलं तरी उकळत नाही म्हणे. विहिरीत कपडे धुतले, तिचा अपमान केला तर ती रात्रीतून उठून दुसरीकडे जाते. या शेवटच्या समजुतीमागेही खडकाचाच हात असू शकतो. आयर्लंडचा मोठा भाग चुनखडकाचा आहे, तिथलं पाणी जमिनीखालच्या पोकळ्यांतून वाहतं. पश्चिमेकडे पावसाळी दिवसांत अख्खी तळी वर येतात आणि पुढे जमिनीत गडप होतात.

फरक आहे तो तहानेचा. आयर्लंडमध्ये वर्षाला सरासरी हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो. तिथल्या माणसाने विहिरीकडे मागितलं ते आरोग्य. दौंडच्या शेतकऱ्याने आधी पाणीच मागितलं, मग लेकरू, मग आरोग्य. आयर्लंडच्या विहिरींनी बंदीही सोसली. इंग्रजी राजवटीने १७०४ च्या कायद्याने कॅथलिकांना अशा ठिकाणी जमायला मनाई केली आणि दंड ठरवला. पुढे जत्रांतली दारू आणि मारामाऱ्या पाहून कॅथलिक धर्मगुरूंनीही त्या आवरायचा प्रयत्न केला. तरी लोक येत राहिले.

१९३७ ते १९३९ या काळात आयर्लंडने जे केलं ते आपल्या उपयोगाचं आहे. तिथल्या लोकसाहित्य आयोगाने प्राथमिक शाळांतल्या मुलांना वह्या दिल्या आणि घरातल्या, शेजारच्या म्हाताऱ्या माणसांकडून माहिती लिहून आणायला सांगितली. विषयांच्या यादीत गावची पवित्र विहीर होती. सुमारे पाच हजार शाळांतल्या पन्नास हजारांवर मुलांनी लिहिलं. आज कोणत्या गावात कोणती विहीर होती, तिचा दिवस कोणता, तिथे काय वाहत, हे त्या मुलांच्या हस्ताक्षरात वाचता येतं.

अडवलेलं पाणी

विहिरीच्या पावित्र्याची गोष्ट इथेच थांबवली तर ती अर्धी राहील. धर्मशास्त्राने विहीर, तळं, बाग आणि धर्मशाळा यांना ‘पूर्त’ म्हटलं. नवी विहीर बांधली की तिचा ‘उत्सर्ग’ करायचा, म्हणजे मालकाने तिच्यावरचा हक्क सोडून ती सर्वांसाठी मोकळी करायची. भारतरत्न पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासात या विधीवर सविस्तर लिहिलं आहे. पोथीत अशी उदारता असताना गावातली विहीर मात्र जातीच्या कुंपणात होती. ज्या हातांनी विहिरी खणल्या, त्यातल्या अनेक हातांना त्यांत घागर बुडवायची मुभा नव्हती. त्या वस्तीतल्या बायका कठड्यापासून दूर, कोणी वरून पाणी ओतेल म्हणून उभ्या राहत.

पुण्यात महात्मा जोतीराव फुले यांनी १८६८ मध्ये आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. २० मार्च १९२७ ला महाडच्या चवदार तळ्याचं पाणी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ओंजळीत घेतलं. त्यानंतर सनातन्यांनी शेण, गोमूत्र, दही-दुधाने भरलेल्या १०८ घागरी ओतून तळं ‘शुद्ध’ करून घेतलं. वाद कोर्टात गेला. अस्पृश्यांना मज्जाव करण्याची चाल अनादी काळापासूनची आहे, हा दावा सिद्ध झाला नाही, असा निकाल मुंबई उच्च न्यायालयाने मार्च १९३७ मध्ये दिला. राज्यघटनेच्या १५ व्या कलमात विहिरी, तळी आणि स्नानघाट यांचा उल्लेख नावानिशी आला, त्याला ही पार्श्वभूमी आहे. चालीरीतींबद्दल लिहिताना हे स्पष्टच म्हणायला हवं: विहिरीवरची ओटी जपण्यासारखी आहे, विहिरीवरचा मज्जाव नाही.

तीच गोष्ट आसरा ‘लागण्याची’. बाळंतिणीचा ताप, मुलाच्या फिट्या, एखाद्या सुनेचं गप्प गप्प होणं यांवर उतारा टाकून आणि मांत्रिकाला बोलावून जीव गेले आहेत. छळाला कंटाळून विहीर जवळ केलेल्या किती बायकांचं मरण ‘आसरांनी ओढून नेलं’ या तीन शब्दांखाली झाकलं गेलं असेल, याची गणती कोणी ठेवली नाही. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने भोंदूगिरीला चाप लावला. दहीभाताला तो कायदा हात लावत नाही, आणि लावायचं कारणही नाही.

बोअरच्या काळातली बारव

पायऱ्यांच्या विहिरीला महाराष्ट्रात बारव म्हणतात. पायऱ्यांनी पाण्यापर्यंत उतरायचं, कोनाड्यातल्या देवाला फूल वाहायचं आणि घागर भरायची. साताऱ्याजवळ लिंब गावात वीरूबाई भोसले यांनी अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात बांधलेली बारा मोटेची विहीर सुमारे ११० फूट खोल आणि ५० फूट व्यासाची आहे. विहिरीच्या पोटात महाल आहे. पण पायऱ्यांच्या विहिरींना एक शाप होता, नारूचा. नारू झालेल्या माणसाचा पाय पाण्यात बुडाला की जंताची पिल्लं पाण्यात जात, सूक्ष्म जलजीवांत वाढत आणि ते पाणी पिणाऱ्याच्या पोटात शिरत. नारू संपवण्याच्या मोहिमेत पायऱ्यांच्या कित्येक विहिरी बंद झाल्या किंवा त्यांना कठडे घालून पाणी ओढायची सोय झाली. २००० साली भारत नारूमुक्त जाहीर झाला. रोग गेला हे मोठंच काम झालं, पण त्या पायऱ्यांकडे पुन्हा कोणी पाहिलं नाही.

दुसरा घाव १९७२ च्या दुष्काळानंतर बसला. गावोगाव बोअरची यंत्रं धडधडू लागली आणि पाणी सहा इंची नळीतून येऊ लागलं. बोअरला काठ नसतो. तिथे सात दगड मांडायला जागा नाही, घागर घेऊन चौघी जमायला कारण नाही, पाणी किती उरलं हे डोळ्यांना दिसतही नाही. विहिरीची पातळी रोज सगळं गाव पाहत असे आणि उपसा त्या बेताने होई. बोअर ज्याचा त्याचा असतो. आटला की आणखी खोल जायचं. विहिरी कचऱ्याने भरल्या त्या याच काळात. विहिरीचं मोल मात्र जवळच दिसतं. खुटबावच्या शेजारी केडगावला पंडिता रमाबाईंनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जमीन घेऊन विहिरी खणल्या, फळबागा लावल्या आणि दुष्काळातून वाचवलेल्या शेकडो मुली-बायकांसाठी ‘मुक्ती’ ही संस्था उभी केली. विहिरींच्या आधारावर किती माणसं जगू शकतात, याचा दाखला या तालुक्याला बाहेरून आणायची गरज नाही.

गेल्या काही वर्षांत चित्र थोडं पालटतं आहे. २०२० पासून रोहन काळे यांनी सुरू केलेल्या महाराष्ट्र बारव मोहिमेने राज्यातल्या हजाराहून अधिक बारवांची नोंद नकाशावर आणली. गावोगावच्या तरुणांनी गाळ काढला, झुडपं तोडली. महाशिवरात्रीला बारवांत दीपोत्सव होऊ लागले. ज्या पायऱ्यांवर कालपर्यंत प्लास्टिक साचलं होतं तिथे पणत्या लागल्या की त्याच गावातल्या म्हाताऱ्या बायका पुढे येतात आणि सांगतात, इथे आम्ही बाळंतपणानंतर पाणी पुजायला यायचो.

हे सांगणं लिहून घ्यायचे दिवस आता थोडे आहेत. मोट हाकलेले हात ऐंशीच्या घरात गेले. खुटबाव, यवत, केडगाव, पाटस, पलीकडे शिरूर तालुक्यातली भीमाकाठची गावं इथल्या शाळांनी आयर्लंडच्या मुलांसारखी एकेक वही घातली तर एका उन्हाळ्याच्या सुट्टीत काम होईल. खर्च वहीचा आणि पेन्सिलीचा. प्रश्नही अवघड नाहीत. विहिरीचं नाव काय? कोणी खणली, पाणाड्या कोण होता, पाणी किती हातांवर लागलं? बहात्तरच्या दुष्काळात ती आटली का? काठावर कोणता देव आहे, त्याला काय वाहतात आणि कोण वाहतं? बाळंतीण पहिल्यांदा कधी यायची? विहिरीबद्दल कोणती गोष्ट सांगतात? आज तिच्यात पाणी आहे की कचरा? आणि एक प्रश्न कितीही जड गेला तरी आजी-आजोबांना विचारायलाच हवा: या विहिरीवर कोणाला पाणी भरू देत नव्हते, आणि ते कधी थांबलं?